पियागीचं वर्ष

१८ जून

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "एल्मा, तुझं रक्त उकळतंय. रोज जो राग येईल तो इथे लिहून टाक, म्हणजे डोक्यात राहणार नाही." मी म्हटलं, मला राग येतच नाही. माणसं मूर्खासारखी वागतात, तेवढंच. त्यांनी पुन्हा दंडाला पट्टा आवळला, काटा पाहिला आणि मान हलवली. तर लिहिते.

आज राग आला नाही. मोटेलच्या धुलाईखोलीत एका पाहुण्याचा टॉवेल आला, त्याने बूट पुसले होते. त्याचे हात झडोत. बाकी काही नाही.

२१ जून

सकाळी वरच्या जंगलात जाऊन आले. आईच्या पाइनच्या झाडांखाली उभी राहिले तर आभाळ निळंशार, आणि तरी टपटप टपटप. अळ्यांच्या लेंड्या! वर शेंड्यांना एक सुई हिरवी उरलेली नाही. पियागी आहेत, आमच्या खायच्या अळ्या, आणि चिकार आहेत. मी एकटीच मोठ्याने हसले.

एक उन्हाळा पतंगांचा, एक अळ्यांचा, असंच चालतं. मागच्या उन्हाळ्यात पतंग होते. आई अंथरुणाला खिळलेली, खिडकीच्या जाळीवर राखाडी पतंग येऊन बसायचे. बोट दाखवून म्हणायची, "एवढे पतंग म्हणजे पुढल्या वर्षी पियागी बघ कसे पडतात. मी नसले तर माझ्या भांड्यात घाला गं." सप्टेंबरात गेली.

आता येत्या सप्टेंबरात आईचं वर्षाचं रडणं आहे. सगळी माणसं जमतील, तिच्या वस्तू जाळतील, पहाटे तिच्या नावाचं भांडं चुलीवर चढेल. त्यात पियागी शिजले पाहिजेत, आणि ते शिजवणार मी. मी तिची लेक आहे. त्या पहाटेपर्यंत मला मांस नाही आणि तोंड धुवायला पाणी नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. मोटेलचा मालक परवा विचारत होता, "एल्मा, चेहऱ्याला काय झालं?" म्हटलं, आई गेली.

२७ जून

नर्सबाई, घ्या, आज राग आला.

फावडं घेऊन झाडांकडे गेले तर आईच्या मोठ्या झाडाशी एक ट्रक उभा. लिओटा. माझी भावजय. माझा भाऊ हार्लन जाऊन चार हिवाळे झाले तरी ही अजून आमच्या झाडांत.

"काय वन्सं, तोंड सुकलेलं दिसतंय."

"तू इथे काय करतेस?"

"फावडं घेऊन नाचायला आलेय. दिसत नाही का?"

"ही माझ्या आईची झाडं आहेत."

"बरं. मग माझी सासू कोण होती? तुमच्या मोटेलची मालकीण?"

मी म्हटलं, आमच्यात प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, परक्याने तिथे अळ्यांसाठी चर खणायचा नसतो. ती म्हणाली, "दहा वर्षं हार्लनबरोबर मीच खणलाय. तुम्ही तेव्हा सावलीत बसून अळ्या वेचायचात. चर कसा दिसतो हे तरी ठाऊक आहे का?"

नाकाने कांदे सोलते मेली. खालच्या खोऱ्यातली, बिशप गावची. माझ्या भावाला लग्न करून खाली घेऊन गेली. तो इथे राहिला असता तर आईला भेटायला बर्फातून घाट चढून यावं लागलं असतं का? गाडी दरीत गेली असती का? हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, पण तिला समजतं. समजलंच पाहिजे.

२८ जून

दोघी ऑर्विलमामाकडे गेलो. आईचा धाकटा भाऊ, आता तोच सगळ्यांत मोठा. दोघींचं ऐकून घेताना तो पाइनच्या बिया फोडत होता, एकही बी चुकली नाही. मग म्हणाला, "मधे कोरडा ओढा आहे ना? वरची झाडं लिओटाची, खालची एल्माची. सप्टेंबरात मी दोघींचे पियागी दाबून बघेन. जिचे कडक वाळलेले, भांडं तिचं."

लिओटा म्हणाली, "भांडं एल्मावन्संनाच द्या, मामा. मला फक्त खणायचंय."

काय साळसूदपणा! अशी बोलली की मामाने तिलाच कॉफी आधी दिली.

आईचं मोठं झाड ओढ्याच्या वर आहे. म्हणजे ते तिला गेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन बादलीला लाथ मारली. अंगठा सुजला.

४ जुलै

गावात स्वातंत्र्यदिनाचे फटाके वाजतायत, आणि माझी कंबर मोडलीय. खोडाभोवती गोल चर खणायचा, आणि त्याची बाहेरची भिंत अशी उभी तासायची की खोडावरून उतरलेली अळी चरात पडली की पुन्हा चढता येऊ नये. जमिनीत शिरून कोश करायला निघालेली असते बिचारी, आणि आपल्या ताटात येते. ऐकायला सोपं आहे. इथली माती म्हणजे ज्वालामुखीची भुसभुशीत राख, तासावी तेवढी ढासळते. ओढ्यापलीकडे लिओटाच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या. मी मुद्दाम तिकडे पाहत नव्हते.

"पाणी मारा थोडं," ती तिकडून ओरडली. "ओली भिंत उभी राहते."

"मला माहीत आहे!"

माहीत नव्हतं. ती जेवायला गेल्यावर पाणी मारलं. राहिली उभी.

८ जुलै

उतरले! सकाळी खोडं हलताना दिसत होती, इतके. बोटाएवढे जाड, तपकिरी, अंगावर बारके काटे. माझे चर भरले. दोन टोपल्या, मग अजून एक. लिओटाकडे इतके नाहीत, मी पाहिलंय. तिची झाडं वर विरळ आहेत, माझी दाट.

ती ओढा ओलांडून आली, माझ्या टोपलीत हात घातला. विचारलंसुद्धा नाही.

"वन्सं, यातले हे काळपट, लोंबणारे काढून टाका. हे आजारी आहेत. यंदा खालच्या झाडांना रोग लागलाय, बघा ना, खोडावरच उलटे लटकून मरतायत."

खोडावर काही लटकत होते, हे खरं. ओघळलेले, काळे. पण मी म्हटलं, "तुझ्या टोपल्या भरेनात म्हणून माझ्या रिकाम्या करायला आलीस का?"

"सगळ्यांना सडवतील ते."

"नाचता येईना अंगण वाकडं."

ती हात पुसून निघून गेली. मी सगळे घेतले, एकही टाकला नाही. एवढ्या मेहनतीने पडलेले टाकायला मी काय वेडी आहे?

१० जुलै

जंगलखात्याचा एक कोवळा पोरगा आला. गुळगुळीत दाढी, नवी टोपी. "बायांनो, हे खड्डे कशाला?"

मी म्हटलं, "मुळांना हवा लागावी म्हणून."

त्याच क्षणी लिओटा पलीकडून म्हणाली, "आमचा कुत्रा पुरलाय."

तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "कुठल्या झाडाखाली?"

"तेच तर विसरलो," लिओटा म्हणाली.

तो वहीत काहीतरी लिहून गेला. मला हसू आलं होतं, पण तिच्या विनोदावर हसायचं नाही म्हणून मी खोकले. फार खोकले. तिने पाण्याची बाटली ओढ्यापलीकडून फेकली. मी प्यायले नाही. नंतर प्यायले.

१२ जुलै

आज भाजले. निखाऱ्यांवर वाळू तापवून त्यात अळ्या सोडायच्या, काठीने हलवत राहायचं, काटे जळून जातात आणि अंग आवळून येतं. मग चाळायचे, धुवायचे, सावलीत पसरायचे. धूर डोळ्यांत गेला आणि डोळे वाहिले. तोंडाला पाणी लागलं म्हणायचं की नाही, मामाला विचारायला हवं.

वाळले की मोटेलच्या जुन्या उशीच्या खोळींत भरून आईच्या खोपीत ठेवायचे. पाइनच्या सालीची ती खोपी अजून घट्ट आहे, आत गारवा असतो. पूर्वी खोळींची तोंडं हार्लन बांधायचा. खेचरांवर ओझी लादायचं काम करायचा तो, शिकाऱ्यांना डोंगरात न्यायचा. त्याची स्वतःची एक गाठ होती: दोन फेरे, मधून उलटा आणलेला दोरीचा कान. एक टोक ओढलं की सुटायची, एरवी खेचर कड्यावरून लोळलं तरी नाही. "शिक गं, एल्मा," म्हणायचा. मी म्हणायचे, दोर बांधणं हे पुरुषांचं काम. आता साधी गाठ मारते, ती सुटते, मग दुसरी मारते.

१४ जुलै

लिओटाची दाढ ठणकते म्हणून ती काल बिशपला गेली. दोन दिवस नाही.

आज भर दुपारी मी ओढा ओलांडला. तिच्या चरांत अळ्या गोल गोल फिरत होत्या, भिंतीला आपटून परत फिरत होत्या. आईच्या मोठ्या झाडाभोवतीही. मी म्हटलं, हे माझं झाड. आणि टाचेने भिंत पाडली. मग पुढच्या झाडाची. सगळ्या झाडांच्या पाडल्या, चहूबाजूंनी. मातीच्या उतारावरून एकेक अळी वर आली आणि सुयांच्या पाचोळ्यात घुसून नाहीशी झाली.

कशी जिरली!

आमच्यात वेचणी संपली की शेवटच्या दिवशी भिंत पाडतातच, उरलेल्यांना जमिनीत जाऊ द्यायचं असतं. आई ते स्वतः करायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. तेव्हा मी काही पाप केलं नाही. थोडं आधी केलं, इतकंच. माझ्या बाजूच्या भिंती मी ठेवल्यात, अजून पडतायत त्यात.

१५ जुलै

दवाखान्यात गेले. नर्सबाई खूश. "एल्मा! काटा खाली आला! वहीचा उपयोग झाला ना?" म्हटलं, झाला.

१६ जुलै

लिओटा परत आली, गाल सुजलेला. चरांभोवती फिरली. वाकून माती पाहिली. मी माझ्या चरात वाकलेली, कान तिकडे.

"हरणं आली होती वाटतं," ती म्हणाली.

"असतील."

"जाडजूड हरीण दिसतंय."

मी वर पाहिलं नाही. तिने पुन्हा खणलं नाही. आधी वेचलेले होते तेवढे भाजले, बारीक निवडून. एकेक अळी दोन बोटांत दाबून बघत बसली होती संध्याकाळपर्यंत, एवढाल्या सुजलेल्या गालाने. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

३ ऑगस्ट

खोपीत गेले. माझे पियागी अजून मऊ आहेत. काही बोटाला चिकटतात. आंबूस वास येतो. वाळायला वेळ लागत असेल, यंदा हवा दमट आहे.

हवा दमट नाही. सरोवराच्या काठचा चिखलसुद्धा तडकलाय. हे मी इथे लिहिते कारण ही वही कुणी वाचत नाही. पण होतील कडक. व्हायलाच हवेत. लेकीने आईच्या रडण्याला रिकामं भांडं मांडलं, असं झालं तर मी या गावात राहायची नाही.

खोळींची तोंडं परत बांधली आणि आले. आता तीनेक आठवडे उघडायच्या नाहीत. सारखं बघितलं की वाळत नाही.

११ ऑगस्ट

मामा बाजारात भेटला. "कसे आहेत तुझे?" म्हटलं, दगड आहेत दगड. लिओटा तिथेच बटाटे निवडत होती. मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बटाट्यांत घातली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "काहींचे हरणांनी खाल्ले म्हणे." मामा हसला नाही.

रात्री झोप नाही. काटा वर गेला असणार. नर्सबाईंकडे जात नाही.

२६ ऑगस्ट

घाईने लिहिते, अक्षर वाचता येणार नाही.

खोपीत गेले. आत आंबूस वास नाही. पहिल्या खोळीत हात घातला तर पियागी कडक! खणखणीत, सोनेरी, वाळूचा कण नाही. दुसरीतही तसेच. जरा कमी वाटले, पण वाळल्यावर कमी होणारच.

आणि मग खोळीच्या तोंडाकडे लक्ष गेलं. मी उघडताना भानावर नव्हते, टोक ओढलं आणि सुटलं. तिसरी खोळ अजून बांधलेली होती. दोन फेरे, मधून उलटा कान.

हार्लनची गाठ.

मी तिथेच मातीत बसले. मेलेल्याला नावाने हाक मारायची नसते, पण मारली, तीनदा मारली. भाऊराया, आलास. आईच्या भांड्यासाठी आलास. बहिणीची लाज राखलीस. कुणालाच ती गाठ येत नाही, कुणीच शिकलं नाही ती. भीती वाटली पाहिजे होती, वाटली नाही. रडले भरपूर, आणि तोंड ओलं झालं, झालं तर झालं.

खोपीमागे झुडपात कावळ्यांचा कल्ला चालला होता, कसल्यातरी काळ्या ढिगावर तुटून पडले होते. काय मेलं होतं कोण जाणे. मी बघायला गेले नाही, आज मला घाण बघायची नव्हती.

७ सप्टेंबर

मामा आज दोघींचे बघायला आला. माझी खोळ उघडली, मूठभर घेतले, दोन बोटांत दाबले. एक तोंडात टाकला, समोरच्या दातांनी फोडला.

"कडक," म्हणाला. "निवडलेत छान." आणि लिओटाकडे पाहिलं. "तुझे?"

तिने रिकामे तळवे दाखवले. "माझे हरणांनी खाल्ले, मामा."

"सगळे?"

"सगळे."

मामा खाली बघून हसला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. उन्हाळाभर राबून मूठभर पियागी राखता आले नाहीत हिला, त्यात हसण्यासारखं काय? पण भांडं माझं! भांडं माझं!

१६ सप्टेंबर

रडणं काल पहाटे संपलं. दुपारपर्यंत झोपले. सगळं लिहिते, चांगलं आणि वाईट.

आईची शाल जाळली, टोपल्या जाळल्या, तिच्या बुटांच्या दोन्ही जोड्या जाळल्या. बायकांनी गाणी म्हटली. मी पियागी मिठाच्या पाण्यात उकळले, भांडं भरून. पहिला घास आगीला, आईसाठी. मग म्हाताऱ्यांना. सगळे म्हणाले, एल्मा, अगदी तुझ्या आईच्या हातची चव. मी आयुष्यात एवढी ताठ उभी राहिले नसेन.

मग तोंड धुवायची वेळ झाली. सुतक्याचं तोंड रक्ताच्या माणसाने धुवायचं नसतं, दुसऱ्या खोऱ्यातलं माणूस लागतं. मामाने हाक मारली, "लिओटा, ये." दुसरं कुणी मिळालं नाही का त्याला! ती पाण्याने भरलेली घट्ट विणीची टोपली आणि फडकं घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. सगळे बघत होते. आणि माझ्या पोटात जे वर्षानुवर्षं होतं ते वर आलं. मी हळू आवाजात म्हटलं, तिलाच ऐकू जाईल असं:

"हार्लन आला होता. खोपीत. माझ्या खोळींना त्याची गाठ होती. माझ्यासाठी आला, तुझ्यासाठी नाही."

तिचा हात हवेत थांबला.

"हो?" म्हणाली.

"हो. चार हिवाळ्यांत तुझ्याकडे एकदा तरी आला का?"

तिने फडकं पिळलं. मग माझं तोंड धुतलं. कपाळ, पापण्या, नाकाच्या कडा, कानामागे, हनुवटी. मला वाटलं होतं खरवडून काढेल, पण लहान मुलाचं धुतात तसं धुतलं, आणि वर्षभराची राख आणि धूर टोपलीत काळा काळा उतरत होता. पाणी तिच्याही गालांवर होतं. माझ्या तोंडावरचं उडालं असेल.

शेवटी म्हणाली, "झालं, वन्सं. आता मांस खा, आणि तोंड स्वच्छ ठेवा."

जिंकले. ससा खाल्ला, चव लागली नाही. वर्षभर खाल्लं नाही म्हणून असेल.

२ जुलै

वही कपाटामागे पडली होती. काटा पुन्हा वर गेलाय, नर्सबाई म्हणाल्या, "लिही, एल्मा." हिवाळाभर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पतंग निघाले. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली सकाळी सडा पडलेला असतो. उद्या झाडांकडे जाईन. पतंग अंडी घालतात त्यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज येतो.

३ जुलै

हे सगळं मला लिहायला जमेल की नाही माहीत नाही. प्रयत्न करते.

माझ्या बाजूला, ओढ्याच्या खाली, पतंग नाहीत. म्हणजे फिरकलेले एखाद-दोन. खोडं नुसती खोडं. जमीन कोरून पाहिली, कोशांची टरफलं नाहीत. माझे चर मागच्या वर्षीपासून तसेच उघडे पडलेत. तळाशी मेलेल्या अळ्यांची काळी वाळकी सालं चिकटलेली. मी भिंती पाडल्याच नव्हत्या. शेवटच्या दिवशी पाडायच्या असतात, त्या मी कधी पाडल्याच नाहीत.

वर पाहिलं. ओढ्यापलीकडे आईच्या मोठ्या झाडाचं खोड दिसेना, इतके पतंग. राखाडी पंख, आतले पंख फिकट गुलाबी, प्रत्येकावर एक काळा ठिपका. उडाले की झाड सैल झाल्यासारखं वाटायचं. आणि खाली दगडावर बसून लिओटा पाव खात होती.

"या वन्सं. बघा तुमच्या दुष्टपणाचं पीक."

"माझ्या कसल्या?"

"हरणांना मोटेलच्या साबणाचा वास येत नाही. आणि हरणं टाचांचे बूट घालत नाहीत." ती पाव चावत राहिली. "सगळ्या भिंती पाडल्यात, एक झाड सोडलं नाहीत. म्हणून सगळे मातीत गेले. म्हणून हे आहेत. नाहीतर दोन्हीकडे तुमच्यासारखंच झालं असतं, रोगाने आणि हावेने."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवता का? हे पतंग बघा. यांना खायला तोंडच नसतं, म्हणून शहाणे. चार दिवस जगतात आणि कुणाला टाकून बोलत नाहीत."

मी उत्तर शोधत होते. चांगलं, झोंबणारं. तेवढ्यात तिने उरलेला पाव पिशवीत टाकला, जळणासाठी वेचलेल्या सालींचं पोतं पुढ्यात ओढलं आणि तोंड बांधलं. न बघता. पतंगांकडे बघत. दोन फेरे. मधून उलटा कान.

मी तिथेच बसले.

कावळे. काळा ढीग, माझ्याच सडक्या पियागींचा. कमी भरलेल्या खोळी. "निवडलेत छान." मामाचं हसू. तिचे रिकामे तळवे. आणि मी तिच्या तोंडावर, ती माझं तोंड धूत असताना, काय बोलले. तुझ्याकडे एकदा तरी आला का, म्हणाले मी. त्याच्या बायकोला.

मला कळेना काय करावं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिव्या मला येतात. लाज वाटत होती, इतकी की पुन्हा वर्षभर तोंड धुवू नये असं वाटलं. लिओटा माझ्याकडे बघत होती. तिला कळलं की मला कळलं.

"शिकव ती मला," मी म्हटलं.

"बहीण असून येत नाही?"

"नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. नीट विचारा."

"शिकव ना गं."

तिने पोत्याची दोरी सोडून माझ्या हातात दिली. मी दोन फेरे घेतले, कान सुलटाच आणला, सगळं सुटलं. तिने माझ्या हातावर फटकन मारलं. पुन्हा घेतले. पुन्हा मारलं. एक पतंग येऊन तिच्या बाहीवर बसला, तिने झटकला नाही.

तिसऱ्यांदा फेरे घेताना, तिच्याकडे न बघता, मी म्हटलं, "हार्लन आला नव्हता."

"आला होता की," लिओटा म्हणाली. "गाठ कुणाची होती?" तिने माझी बोटं धरून कान मधून काढला. "आता ओढ. घट्ट."